चौथ्या गाण्यातली हाक

सुलेखानं चौथं गाणं तिसऱ्यांदा लावलं. या वेळी नवे हेडफोन कानांवर घट्ट दाबून, डोळे मिटून. गिटार थांबली, दोन क्षण शांतता झाली आणि थेट ड्रम सुरू झाले. मध्ये कुणीही ओरडलं नाही.

तिनं स्वतःचं परीक्षण पुन्हा उघडलं.

दर शुक्रवारी ती एका वेबसाइटवर तीन नव्या आल्बमांबद्दल लिहायची. एक इंडी, एक पॉप, एक रॉक. तारे देण्यात महाकंजूष म्हणून तिची ख्याती होती. सहा वर्षांत साडेतीनच्या वर कुणी गेलं नव्हतं. परवा मात्र तिनं ‘पडेगाव फाटा’ नावाच्या बँडच्या पहिल्यावहिल्या रॉक आल्बमला साडेचार तारे देऊन टाकले होते, तेही चौथ्या गाण्यातल्या एका हाकेपायी. तिनं लिहिलं होतं, “गिटार थांबते आणि एक बाई जिवाच्या आकांतानं ओरडते, ‘नळ आलाऽऽ!’ आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या शहराचं सगळं जगणं या हाकेत आहे. ती इतकी खरी आहे, की आपल्याच गल्लीतून आल्यासारखी वाटते.”

गल्लीतूनच आली होती.

गुरुवारी हेडफोन बंद पडले म्हणून तिनं आल्बम खिडकीतल्या स्पीकरवर ऐकला होता. नळ आला की खालच्या मनकर्णाबाई सगळ्या गल्लीला हाक देतात, हे तिला काय ठाऊक नव्हतं? पण तिसऱ्या मजल्यावर टाकीचं पाणी, त्यामुळे नळाचा वार कुठला याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. शिवाय तीनदा ऐकल्याशिवाय लिहायचं नाही, हा स्वतःचाच नियम तिनं त्या दिवशी मोडला. एकदा ऐकलं, भारावली आणि लिहून मोकळी झाली.

परीक्षणाखाली वाचकांची गर्दी होती. “हाक ऐकून अंगावर काटा आला.” “तो तुकडा दहा वेळा ऐकला.” हसावं की रडावं, सुलेखाला कळेना. या लोकांनी गाणं उघडलंसुद्धा नव्हतं. तिचा शब्द खरा मानून ते अंगावर काटे आणून बसले होते. उद्या कुणीतरी खरंच ऐकेल आणि सहा वर्षांत कमावलेलं नाव मातीत जाईल. तिला स्वतःची मनस्वी लाज वाटली. आधी त्या पोरांना सांगायचं, मग जाहीर लिहायचं, असं ठरवून तिनं बँडच्या गायकाला फोन लावला.

“धम्मपाल ना? मी सुलेखा. तुमच्या आल्बमवर लिहिलं, ती.”

“बोला मॅडम.” आवाज पार पडलेला.

“चौथ्या गाण्यात ती हाक नाहीच. आमच्या गल्लीतली बाई होती ती. माझं चुकलं. आज मी तसं लिहिणार आहे.”

 पलीकडे धम्मपाल ओरडला, पण तिच्यावर नाही.

“बुद्धभूषण! थांब, ठेव तो गिटारचा अ‍ॅम्प खाली! कुणीच टाकली नाय ती बाई! मॅडमच्या गल्लीतली हाय!”

आणि तो फोनवर मोकळा हसला. “लई उपकार झाले, मॅडम. दोन दिवस झाले, आमचं बोलणं बंद. मला वाटलं, आमच्या गिटारवाल्यानं, या बुद्धभूषणनं, मला न विचारता गाण्याच्या कुठल्या तरी कॉपीत बाई टाकली. त्याला वाटलं, मी टाकली. खोलीला चहूकडून गाद्या लावून रेकॉर्ड केलंय आम्ही. कुत्र्याचा आवाज आत आला नाय, बाई कुठून येईल? आत्ता तो आपला अ‍ॅम्प घेऊन निघाला होता बघा. बँड मोडलाच होता.”

सुलेखानं परीक्षणातले तारे बदलायला घेतले. 

“एक तारा मात्र कापावा लागेल,” ती म्हणाली. “आता तीनदा ऐकलंय. आल्बम साडेतीनचा आहे.”

“साडेतीन तर साडेतीन. आमचे तरी असतील.” मग तो जरा चाचरला. “पन मॅडम, ती हाक तिथं बसते खरी. आम्ही येऊ का घ्यायला?”

दुपारी दोघं एकाच गाडीवर आले. तोवर सुलेखाची दुरुस्ती वेबसाइटवर लागली होती आणि पाच-सात जणांनी तिला धू धू धुतलंही होतं. तिला त्याचं फारसं काही वाटलं नाही. मनकर्णाबाई उंबऱ्यात मेथी निवडत बसल्या होत्या. बुद्धभूषणनं त्यांच्यापुढे माइक धरला.

“ओरडा मावशी. गुरुवारी ओरडलात ना, तसंच.”

“आन् नळ कुठं आलाय?”

“आलाय असं समजायचं.”

मनकर्णाबाईंनी हातातली जुडी खाली ठेवली आणि तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

“असं कसं समजायचं, बाबा? मी ओरडले की साऱ्या बाया हंडे घेऊन पळत येत्यात. आठ दिवस शुक्रवारी भरत्यात, तवा या. पाणी आलं, तर ओरडते.”