रॉकेलची डबी

ठिपक्या कुत्र्याच्या पापणीवरचा तांबूस दाणा भामाबाईला गोचीडच वाटला. रोज संध्याकाळी म्हशीची धार काढली की ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन गोचिडी उपटायची आणि रॉकेलच्या डबीत टाकायची. आज तिनं तोही नखांत धरून एकच हिसका दिला. ठिपक्या किंचाळला अन् रक्ताळलेला डोळा घेऊन केळीच्या बागेत पळाला. सून दिपालीनं जनावरांच्या डॉक्टरांना सकाळीच त्या दाण्याचा फोटो पाठवला होता, उत्तर आत्ता आलं. "आत्या, गोचीड न्हाई ती, गाठ हाय! उद्या कापायची म्हणतेत. धरायला त्याच्या भरवशाचं माणूस पायजे म्हणं." भामाबाई बागेत हाका मारत फिरली, ओट्यावर येऊन बसली, पुन्हा उठली. दिवेलागणीला ती परत ओट्यावर टेकली, तेव्हा ठिपक्या आपणहून आला. रोजच्यासारखं डोकं त्यानं तिच्या मांडीवर ठेवलं, दुखरा डोळा वर करून. तिनं डबी पायानं लांब सारली. त्याला कुरवाळायला हात मात्र उचलेना.