शेवटची विद्यार्थिनी

"डोळे मीट," सर म्हणाले आणि त्यांनी तिच्या तळहातावर एक दगड ठेवला.

तिने त्यावरून बोटं फिरवली, वजन तोललं, नखाने जरा खरवडलं. "चुनखडी. आम्लाचा थेंब टाकला की फसफसेल."

"आणि हा?"

"ग्रॅनाइट. दाणे मोठे आहेत, म्हणजे जमिनीच्या पोटात सावकाश थंड झालाय. सर, हा तुम्ही कालही दिला होतात."

सरांना हसावं की रडावं कळेना. एवढं सगळं येणारी ही मुलगी, पण तोंडी परीक्षेला बसली की तिची दातखीळ बसायची. लेखी उत्तम, प्रात्यक्षिक उत्तम, आणि बाहेरगावचा परीक्षक समोर आला की तोंडातून चकार शब्द नाही. एकदा झालं, दोनदा झालं. दोन्ही वेळा सर दाराबाहेरच्या बाकावर हात चोळत बसले होते, कारण तोंडी परीक्षेला विद्यार्थ्याच्या शिक्षकाने आत थांबायचं नाही, असा विद्यापीठाचा नियम. आज तिसरी खेप होती.

भूशास्त्र विभागात आता ती एकटीच उरली होती. नवे प्रवेश विद्यापीठाने केव्हाच थांबवले होते. सर फळ्यावर लिहायचे, ती पहिल्या बाकावर बसून उतरवून घ्यायची, आणि हजेरी मात्र सर अगदी नाव पुकारून घ्यायचे. "राजा एक, प्रजा एक," म्हणून हेडक्लार्क दात काढायचा.

सर त्या हसण्यात सामील व्हायचे, पण त्यांच्या जिवाला घोर लागला होता. दूरच्या शहरात, लेकीच्या घरी, त्यांची बायको अंथरुणाला खिळून होती. एक बाजू पूर्ण गेली होती. तिथल्याच कॉलेजात सरांची बदली मागेच मंजूर झाली होती. अडलं होतं ते एकाच गोष्टीवर. विभागात एक जरी विद्यार्थी शिल्लक असला तरी त्याच्या शिक्षकाला सोडायचं नाही. ती पास झाली की विभागाला कुलूप आणि सरांची सुटका. ती नापास झाली की पुन्हा वर्षभर हाच फळा. आणि तिकडच्या प्राचार्यांनी स्पष्टच सांगितलं होतं, जागा याच निकालापर्यंत राखू, पुढे आमचा नाइलाज आहे.

यातलं अक्षरही त्यांनी या विद्यार्थिनीला कळू दिलं नव्हतं. आधीच घाबरणारं लेकरू, त्यात आपल्या घरच्या दुखण्याचं ओझं तिच्या डोक्यावर कशाला?

शिवाय तिचंही काही कमी अडलेलं नव्हतं. एका खाण कंपनीने तिला नोकरी कबूल केली होती, पदवी हातात आली की रुजू व्हायचं. घरी भाऊ कावला होता. "दगड ओळखता ओळखता तूच दगड झालीस," असं तो येताजाता ऐकवायचा.

"सर," दगड खाली ठेवत ती म्हणाली, "मी गेले की विभाग खरंच बंद होणार?"

"होईना का. दगडांना काय धाड भरलीय? कोट्यवधी वर्षं पडून आहेत, आणखी थोडी पडतील."

"आणि तुम्ही?"

"माझं काय घेऊन बसलीस! म्हातारा बैल मी. दावं सुटलं की वाट फुटेल तिकडे जाईन."

ते हसले. ती हसली नाही. पोरगी आत्तापासूनच घाबरलीय, सरांनी ओळखलं. त्यांनी तिच्या पाठीवर थोपटलं. "समोर मीच बसलोय असं समज आणि बोलत सूट."

परीक्षक आले. दार लागलं. सर बाकावर बसले.

एवढ्यात त्यांच्या लेकीचा फोन आला. "बाबा, आई सकाळपासून दाराकडे बघतेय. तुम्ही आजच येणार असं वाटतंय तिला. काय सांगू?"

"सांग, आलोच म्हणून. या वेळी नक्की."

फोन ठेवून ते उठले आणि उभ्या आयुष्यात केलं नव्हतं ते त्यांनी केलं. दाराला कान लावला.

"बरं, ते राहू द्या," परीक्षक म्हणत होते. "हा साधा दगड आहे. हा तरी सांगा."

आत शांतता.

"याच्यावर आम्ल टाकलं तर काय होईल?"

"फसफसेल," सर दाराशी पुटपुटले. "फसफसेल म्हण ना, पोरी. एवढंच म्हण."

आत शांतताच होती.

परीक्षक बाहेर आले ते मान हलवतच. "काय हो हे? दगडसुद्धा ठोकला तर आवाज देतो. मार्क द्यायला तोंडातून काही निघायला तर हवं."

"साहेब, पुन्हा एकदा विचारा. तिला सगळं येतं. मी हात जोडतो तुमच्यापुढे."

"अहो, हात कसले जोडता? तुम्ही शिकवायला कमी पडला नाहीत, हे दिसतंय मला. पण नियम म्हणजे नियम." आणि ते जिना उतरून गेले.

खिशात फोन पुन्हा वाजत होता. तो उचलून काय सांगायचं? तो वाजून वाजून गप्प झाला. मग त्यांनी डोळे पुसले आणि आपलं दुःख बाजूला ठेवून, त्या बिचारीची समजूत काढायला ते आत गेले.

ती दगड एकेक करून ट्रेमध्ये लावत होती. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता.

"रडू नकोस हं," ते तरीही म्हणाले. "काय झालं गं असं? तुला सगळं येत होतं."

"येत होतं, सर." तिने पुढे होऊन दार लोटून घेतलं. "तिन्ही वेळा येत होतं."

"म्हणजे?" सरांनी विचारलं.

"तुम्ही उगाच जिवाला लावून घेता, म्हणून आज सांगतेच," ती हळूच, जराशा अभिमानाने म्हणाली. "मी पास झाले की इथे कुलूप लागणार, आणि या वयात तुम्हाला दुसरीकडे कोण घेणार? तुम्ही निर्धास्त राहा. मी नापास होतेय तोवर तुम्हाला इथून कुणीही हलवू शकत नाही."