मचूळ विहिरीचा फेस

शम्साच्या कोपरापर्यंत फेस चढला होता. टबात बाबांचा पांढरा झगा कुठे दिसेना.

"तुझ्या बापाचा साबणाचा कारखाना आहे का गं?" आई, झुवैना, तिच्या अंगावर आली. शम्सा शपथेवर सांगत होती की पावडर रोजचीच, एक मूठच टाकली. आईला पटेल तर ना!

बाहेर ओसरीवर बाबा हमूदसमोर बसले होते. खजूर संपले होते, कॉफी चालू होती. ओमानमधल्या बातिनाच्या किनाऱ्यावरची त्यांची बाग आज हमूदच्या नावावर होणार होती. त्याला तिथे गोदाम बांधायचं होतं म्हणे. समुद्र जमिनीखालून विहिरीत शिरला, त्याला अकरा वर्षं झाली. लिंबं जळाली, खजुरी कशाबशा तगल्या. बाबा दर शुक्रवारी विहिरीचं पाणी चाखायचे आणि थुंकून टाकायचे. आज सकाळीही मचूळच होतं.

मग फेस कसा? टबातलं पाणी त्याच विहिरीचं, आणि त्यात तर साबण दह्यासारखा फुटायचा. शम्साच्या डोक्यात किडा वळवळला. ओल्या हातांनीच तिने शाळेची वही काढली. समुद्र आत घुसतो तेव्हा माती त्याचं सोडियम धरते आणि चुना सोडते. पाणी दुष्फेन होतं, साबणाला फेस येत नाही. समुद्र मागे हटू लागला की सगळं उलटं. माती चुना धरते, सोडियम सोडते. चव मागाहून सुधारते, फेस आधी येतो. आणि शेजारची गवताची शेतं बंद होऊन, गोडं पाणी उपसून समुद्राला आत ओढणारे त्यांचे पंप थांबून, दोन वर्षं झालीच होती की!

पण चुकलं तर? मेलेल्या बागेपायी बाबा उरलेलं आयुष्य घालवतील. तरी तिने त्यांना आत बोलावून सगळं सांगितलं. बाबांनी टबात हात घातला, बोटं चोळून पाहिली.

"खात्री आहे तुझी?"

"वहीची आहे, बाबा. माझी थोडी कमी."

ते तसेच ओल्या हातांनी ओसरीवर गेले. हमूदने कागद मांडून ठेवले होते.

"बाग विकायची नाही," बाबा म्हणाले. "पाण्याला फेस येतोय."

शम्साने दाराआड डोळे गच्च मिटले. साबणाच्या फेसापायी कुणी सौदा मोडतं का? आता हा खो खो हसणार.

हमूद हसला नाही. त्याने पेला खाली ठेवला आणि हळूच विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?"