साध्या कपड्यातले साहेब

"साहेब आलेत," कल्पिताने पडद्याआडून डोकावून सांगितलं. चेहऱ्याला पांढरा रंग फासणाऱ्या दिपेशला एकदम बरं वाटलं.

"बघितलंस? अजून आपली दखल घेतात."

"घेतात, कपाळ!" प्रेम गिटारची तार पिळत म्हणाला. "इतकी वर्षं बोंबलतोय. कोणाचं काय वाकडं झालं?"

तो काही खोटं बोलत नव्हता. 'राखरांगोळी' हा कल्याणचा ब्लॅक मेटल बँड. तोंड मढ्यासारखं रंगवायचं, ड्रम फुटेस्तोवर बडवायचे आणि घसा फाडून ओरडायचं. बाकीचे बँड सैतानावर ओरडतात. हे नगरसेवकांवर ओरडायचे, बिल्डरांवर, कचऱ्याच्या डोंगरावर, रस्त्यासाठी पाडलेल्या घरांवर. सुरुवातीला गाजलेही. एका पुढाऱ्याने तक्रार केली, शो रद्द झाला, पेपरात फोटो आला. तेव्हापासून प्रत्येक शोला धोंडीबा हवालदार साध्या कपड्यात यायचे. कानात कापूस, हाताची घडी, सगळ्यात मागची खुर्ची.

मग सगळंच ओसरलं. ऐकणारे संसाराला लागले. प्रेमच्या कमरेला पट्टा आला, कल्पिताची नाशिकला बदली झाली, दिपेशच्या घशापुढे डॉक्टरांनी हात टेकले. हॉल कोणी देईना. म्हणून आजचा शो खोपटला, एस.टी. डेपोमागच्या जिममध्ये, तोही भर दुपारी, कारण संध्याकाळी तिथे झुंबाचा क्लास. आलेल्या माणसांपेक्षा ट्रेडमिल जास्त होत्या.

हाच शेवटचा शो, असं प्रेम आणि कल्पिताने ठरवून टाकलेलं. दिपेश एकटाच अडून बसलेला.

"अरे, सरकार आपल्यासाठी खास माणूस पाठवतं. टोचतंय म्हणूनच ना? मग बंद का करायचं?"

"मग जा ना, त्यांनाच विचार!" प्रेम वैतागला. "सरकार घाबरतंय असं ते म्हणाले, तर मी पट्टा बांधून आणखी दहा वर्षं वाजवतो. नाहीतर आज गुंडाळायचं. बोल, मंजूर?"

"मंजूर."

दिपेश अर्ध्या रंगलेल्या तोंडानेच गेला. एवढ्या वर्षांत तो पहिल्यांदाच त्यांच्याशी बोलत होता.

"साहेब, खरं सांगा. वर काय लिहून पाठवता आमच्याबद्दल?"

धोंडीबांनी एका कानातला कापूस काढला. "काहीच नाही. तुमची फाइल लॉकडाऊनच्या आधीच बंद झाली. मी पण रिटायर झालोय आता. मला कोणी पाठवत नाही रे बाबा."

दिपेश शेजारच्या खुर्चीत मटकन बसला. ह्या एका माणसाच्या भरवशावर तो घसा फाडत आलेला, आणि तिकडे कोणाला काही पडलेलीच नव्हती! त्याला रडू फुटलं. रंग ओघळून हनुवटीपर्यंत आला तरी त्याने पुसला नाही. पडद्याआडून कल्पिता बघत होती. तिने हळूच आपल्या ड्रमच्या झांजा सोडवायला घेतल्या.

"मग येता कशाला?" त्याने नाक ओढत विचारलं. "एवढा छळ का सोसता?"

धोंडीबांनी दुसऱ्या कानातला कापूसही काढला.

"आंबिवलीच्या चाळी पाडल्या, त्यावर तुमचं गाणं आहे बघ. त्या दिवशी मी तिथे बंदोबस्ताला उभा होतो. पहिलं घर माझ्या बहिणीचं होतं. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या अंगावर वर्दी. तोंडातून चकार शब्द काढता आला नाही मला."

मग ते खुर्ची पुढे सरकवून संकोचत म्हणाले, "आज ते गाणं घेतलंत, आणि तुझ्याबरोबर मी पण ओरडलो, तर चालेल का?"