दारावरचं नाक

तिसरी काचही डागाळलेली निघाली तेव्हा वैजनाथनं ठरवून टाकलं, हे काम आकांक्षाचंच.

वारंगा फाट्याच्या अलीकडच्या त्या कारखान्यात उपग्रहांवरच्या दुर्बिणींचे आरसे धुऊन, तपासून पेटीबंद होत. प्रत्येक आरशाशेजारी एक छोटी काच ठेवलेली असे. आरशावर जे बसेल तेच तिच्यावरही बसणार, म्हणून तिला साक्षी काच म्हणत. धुळीचं सोडा, केसांच्या तेलाचा नुसता वास आत गेला तरी त्याचा न दिसणारा थर काचेवर धरतो. आणि एकदा दुर्बीण वर अंतराळात गेली की तो पुसायला जाणार कोण?

म्हणून दारावर वैजनाथ होता. सहा वर्षं रोज सकाळी तो आत जाणाऱ्या प्रत्येकाचे केस, कॉलर, तळवे हुंगत आला होता. यंत्रंही होती, पण ती नंतर सांगत. वैजनाथ आधी सांगे. एकदा तर त्यानं खुद्द मॅनेजरला दाढीच्या साबणावरून परत पाठवलं होतं. आपल्या नाकाचा त्याला भारी अभिमान होता, आणि का नसावा?

आता आठ दिवसांत तीन काचा खराब. अहवाल म्हणत होता, कसल्यातरी वनस्पतीचं तेल. आरसा शुक्रवारी निघायचा होता. चौथी काचही तशीच निघाली तर आरसा बाद, आणि पुढचं कामही दुसऱ्या राज्यात. दारातून तर कसलाच वास आत गेला नव्हता. म्हणजे कुणीतरी बाटलीबिटली लपवून नेत होतं.

वैजनाथ मुळातच संशयी. फाट्यावरचा चहावाला हल्ली चहात नुसतं पाणी घालतो, अशी त्याची खात्री होती. बायको द्वारकाबाई रागानं भाजीत लसूण टाकत नाही, असंही त्याला वाटे. विचारलं की ती नुसती बघत राही. पण आकांक्षाबद्दल त्याच्याकडे कारणं होती. आरसे धुणाऱ्या चौघींत तीच नवी. डोळे लाल, झोप न झाल्यासारखे. आणि बाकीच्या तपासणी होताच आत पळत, ही मात्र घुटमळे.

"सर, नीट घ्या ना वास," सोमवारी ती म्हणाली होती.

"काहून? मला काम शिकवतीस व्हय?"

"तसं न्हाई, सर. जाऊ ना मग आत?"

"जा."

हा साळसूदपणा त्याला खटकला. बुधवारी त्यानं तिची पिशवी उपसली. बिनवासाचा साबण निघाला, ओला टॉवेल निघाला.

"हे कशाला?"

"इथं येऊन पुन्हा केस धुते, सर. तुमी परत पाठवाल म्हणून भ्या वाटतं."

"मनात काही नसतं तर भ्यायचं कारण काय?"

तिनं मान खाली घातली. तिच्या घरातली ही पहिली नोकरी होती. वैजनाथला वाईट वाटलं, पण त्यानं पुण्याच्या मुख्य कचेरीला फोन केलाच.

गुरुवारी सकाळी पुण्याहून मोठे साहेब, रामप्रसाद, आले. वैजनाथनं आकांक्षाला गेटवरच अडवून दारावरच्या खोलीत उभं केलं.

"साहेब, ही आत्ता घरून आली. आज केस धुवू दिले न्हाईत. तुमच्यासमोरच तपासतो."

त्यानं केस हुंगले, कॉलर हुंगली, तळवे हुंगले, सावकाश, श्वास भरभरून.

"बघा. काहीच न्हाई. म्हणजे आत लपवून नेती. हिला आजच काढा, साहेब."

आकांक्षाचे डोळे भरून आले.

रामप्रसाद उंबऱ्यावरच थांबले होते. त्यांनी आधी खोलीची खिडकी उघडली. मग वैजनाथकडे थोडा वेळ पाहिलं आणि तिला विचारलं, "घरी हळद शिजवताय का, बाळ?"

"व्हय, साहेब. दारातच कढई हाय, आठ दिवस झाले. रोज वाटायचं, आज परत पाठवतील. पण सर हुंगायचे अन् म्हनायचे, जा."