लेकुरवाळीचं दुखणं

“लेकुरवाळीचं दुखणं हाय हे,” मालनबाई दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. “झुंबर सुईण सोता पाहून सांगती. लेकरू झाल्याबिगर बाईचं अंग बाहेर येत न्हाई. मंग हिनं ते टाकलं कुठं?”

तिची सून प्रभावती बाकावर कशीबशी टेकली होती. दुष्काळाच्या साली लग्न झालं, मूल नव्हतं. तीर्थपुरी गावानं इतकी वर्षं तिला वांझ म्हणून हिणवलं. आता तीच माणसं तिला चोरून बाळंत झालेली म्हणत होती. तिला इथूनच माहेरी धाडायचं, असं सासूनं ठरवलं होतं.

नवरा सर्जेराव खांबाला टेकून उभा होता. गावात पंच म्हणून तो दुसऱ्यांच्या बायकांचे निवाडे करायचा. त्याला सगळं ठाऊक होतं. प्रभावतीला जन्मतःच गर्भाशय नव्हतं, योनिमार्गही नव्हता. लग्न ठरल्यावर औरंगाबादला शस्त्रक्रियेनं मार्ग तयार केला, तेव्हा तो सोबत होता. घरी कळू द्यायचं नाही, ही अटही त्याचीच. त्यानं आता एकदा तोंड उघडलं असतं, तर सगळं मिटलं असतं. प्रभावती त्याच्याकडे बघत राहिली.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. प्रभावतीनं मानेनं होकार दिल्यावर त्यांनीच मालनबाईला समजावलं. “हिला पिशवीच नाही, तर मूल कुठून होणार? ऑपरेशननं केलेला मार्ग खाली घसरलाय, एवढंच.”

“त्यापरीस लेकरू टाकून आली असती तर बरं झालं असतं,” मालनबाई म्हणाली. “कूस तरी असती.” मग लेकाकडे वळली. “सर्ज्या, तुला ठाव होतं का रं?”

व्हरांड्यातली माणसं कान देऊन होती. सर्जेरावानं त्यांच्याकडे एक नजर टाकली.

“बिलकुल न्हाई. फसवलं मला हिनं.”

“इलाज दोन आहेत,” डॉक्टरीणबाई प्रभावतीला म्हणाल्या. “मार्ग वर ओढून आत शिवता येतो. नाहीतर कायमचा बंद करता येतो. मग नवरा-बायकोचा संबंध राहत नाही. दुखणं दोन्हींनी जाईल.”

“वर ओढूनच शिवा,” सर्जेराव घाईनं म्हणाला.

प्रभावती बाकाला धरून उठली.

“बंद करा, बाई,” ती म्हणाली. “यांना फसवून केलेली वाट. यांच्या काय कामाची?”