रेघ उतरेना

राधाकिशन तात्यांनी झाकणभर औषध बादलीत ओतलं, काठीनं ढवळलं आणि इकडंतिकडं बघत वाफ्यावर शिंपडलं. बांधावर कुणी नव्हतं. म्हैस तेवढी मान वळवून बघत होती.

"तू काय बघती? घरात सून आली तर तुझंबी शेणपाणी येळेवर हुईल," तात्या तिला म्हणाले.

वाफा तात्यांचा, पण प्रयोग संस्कृतीचा. संस्कृती पाटोद्याची, कॉलेजात मातीतल्या रसायनांवर शिकत होती. घाटनांदूरच्या शिवारात, तात्यांच्या रानात, तिनं एका रिकाम्या वाफ्यावर एकदाच कीडनाशक मारलं होतं. ते मातीत किती वेगानं विरतं, हे तिला शोधायचं होतं. दर आठवड्याला यायचं, माती न्यायची, तपासायची आणि आकडे लॅपटॉपात घालायचे. आकड्यांचे ठिपके पडत, ठिपक्यांवरून लॅपटॉप रेघ ओढी. ती रेघ उताराला लागायला हवी होती.

तात्यांचा सुरज तिशी ओलांडून बसला होता. मुलगा शेती करतो म्हटलं की पोरीकडची माणसं चहा अर्धा ठेवून उठत. अशात सोयरिकीत बसणारी, शिकलेली पोरगी आपल्या पायानं रानात येत होती. औषध विरलं की प्रयोग संपणार आणि पोरगी जाणार. म्हणून गाव बाजाराला गेलं की तात्या वाफ्याला तेच औषध झाकणभर पाजत.

दुसऱ्या दिवशी संस्कृती लिंबाखाली लॅपटॉप उघडून बसली ती कपाळाला हात लावूनच.

"काका, रेघ उतरतच नाही."

"मशीन बिघडलं आसंल."

"मशीन चांगलं आहे. आतला प्रोग्रामही चांगला आहे. फुकट मिळतो, पण कसला पक्का!"

"फुकटचं म्हणल्यावर आसंच व्हायचं."

"तसं नाही काका. ह्याच्या आतलं सगळं उघडं असतं. जगभरातली माणसं तपासतात, चूक दिसली की दुरुस्त करतात, नि परत सगळ्यांना वापरायला देतात."

"मंजी सप्त्याच्या पंगतीवानी. ज्यानं त्यानं आपलं आणून घालायचं नि सगळ्यांनी जेवायचं."

"अगदी तसंच," संस्कृती हसली. मग तिचं तोंड पडलं. "पण सर म्हणतात, ह्या खेपेला जमलं नाही तर वाफा घाटनांदूरहून नांदूरघाटला हलवा. नाहीतर माझी पदवीच लटकेल."



सुरजची आई, छबुबाई, चहा घेऊन आल्या. मागं सुरज, विहिरीवरच्या मोटारीचा पान्हा हातात धरून उभा.

"सुरजदादा, चहा घ्या ना," संस्कृती म्हणाली.

त्या 'दादा'नं तात्यांचा चहा कडू झाला. सुरज मात्र मान खाली घालून बशी फुंकत होता.

"बे, काहीतरी बोल की पाव्हणीशी!" तात्या खेकसले.

"मोटारीत पाणी कमी येतंय," सुरज म्हणाला.

छबुबाईंनी नवऱ्याला बाजूला घेतलं. "आवो, पोरीच्या बापालाच सरळ इचारा की."

"इचारीन, येळ आली की. लगीन कसं, दारात मांडव घालून, सगळ्या तालुक्याला जेवू घालून झालं पायजे. आपला प्रविण! कोर्टात सही ठोकून बायको आणली. सख्खा पुतण्या, पण अजून त्याच्या घरचं पाणी पिलो न्हाई मी."

तिकडं सुरजला चहाचा ठसका लागला.

तात्यांनी तंबाखू मळली, ती तोंडात न टाकताच झटकली. औषध टाकत राहावं तर वाफा नांदूरघाटला जाणार. थांबावं तर प्रयोग संपणार. आणि मधल्यामध्ये पोरीची पदवी बुडणार, ते पाप आपल्या माथी. ते लिंबाखाली येऊन संस्कृतीसमोर उकिडवे बसले.

"पोरी, रागावू नको. औषध मीच टाकत हुतो."

"तुम्ही? कावून?"

एवढं शुद्ध बोलणारी पोर, पण हादरली तशी तिची घरची बोली बाहेर आली.

"तू येत राहावी म्हणून. लई लळा लागला तुझा," तात्यांनी अर्धंच खरं सांगितलं.

संस्कृतीनं लॅपटॉप पुढं ओढला आणि विचारलं, "किती टाकायचात? कधी?"

"बाजाराच्या दिवशी. झाकणभर."

तिची बोटं भराभर चालली. मध्येमध्ये औषध पडलंय, हे प्रोग्रामला सांगता येत होतं. नवी रेघ आली. काही ठिपके तिच्यावर नीट बसले. बाकीचे मात्र उंच हवेतच.

"काका, अजून कुणीतरी टाकतंय. ज्या आठवड्यात मोटारीला दिवसा लाईट असते, त्याच आठवड्यात ठिपका वर उडालाय."

"दिवसा लाईट आसली की रानात सुरजच आसतो," छबुबाई म्हणाल्या.

तात्यांचा चेहरा उजळला. मुक्या पोराच्या डोक्यात बापाचीच अक्कल निघाली की!

"सुरज! हिकडं ये बे! वाफ्यात औषध तूबी टाकलं?"

सुरजनं पान्हा या हातातून त्या हातात घेतला. "टाकलं."

"शाब्बास! ही जाऊ नये म्हणून ना?"

"न्हाई तात्या." सुरज घामाघूम झाला होता. "प्रयोग संपला की तुमाला सांगायचं ठरलंतं. माझी हिंमत हुईना. म्हणलं, संपूच नये."

"अरे बावळटा!" संस्कृती ताडकन उठली. "माझ्या वाफ्यात तू टाकत होतास?"

दादाचा एकदम 'अरे' झाला. तात्या या तोंडाकडून त्या तोंडाकडं बघत राहिले.

"काय सांगायचं ठरलंतं बे?"

संस्कृतीनं लॅपटॉप मिटला, ओढणी डोक्यावर घेतली आणि वाकून तात्यांच्या पायांना हात लावला.

"आमच्या कोर्टातल्या लग्नाला परवा वर्ष होईल."